अकरा कागदांचं एकच अक्षर

संध्याकाळी पाच वाजता भामाताई घरतांच्या दारात पाय ठेवायला जागा नसते. पंचवीस जोड चपला आणि बूट एकमेकांवर चढून बसलेले असतात. आतून आरोळ्या येत असतात.

"वर जाताना?"

"बारीक!"

"खाली येताना?"

"जाऽऽड!"

हा अक्षरांचा वर्ग आहे हे नव्या माणसाला सांगूनही पटत नाही. त्याला वाटतं, आत कबड्डी चालू आहे. पनवेलच्या लाइन आळीमागच्या एका इमारतीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत हा गलका गेली अकरा-बारा वर्षं रोज उठतो. शेजाऱ्यांनी सुरुवातीला तक्रारी करून पाहिल्या. मग त्यांचीच मुलं वर्गात बसायला लागली आणि तक्रारी बंद झाल्या. लाइन आळीत राहून पोरांना रेघेवर आणणारी बाई, असं आळीतले लोक भामाताईंना म्हणतात. त्यांना ते मनातून फार आवडतं, पण तसं दाखवत नाहीत.

शाळेतल्या बाईंनी वहीवर "अक्षर सुधारा" असा लाल शेरा मारला की आया मुलांना धरून इकडे आणतात. इंग्रजी अक्षरं जोडून लिहायची पद्धत, म्हणजे ती कर्सिव्ह, मुलांना जाम नकोशी असते. अक्षरांनी अक्षरांचा हात धरायचा, हात सुटता कामा नये, आणि वर पुन्हा सुंदर दिसायचं! मूल रडवेलं होऊन येतं, आणि पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर वही येत नाही, स्टीलचं ताट येतं. ताटात खडेमीठ पसरलेलं.

"बोट घाल," भामाताई म्हणतात.

मूल बोट घालतं. बोट मिठातून फिरवून ए काढायचा, मग बी. ताट हलवलं की पाटी कोरी. खोडरबर नको, चूक नको, लाल शेरा नको. खडेमीठ बोटाला घाई करू देत नाही, हे त्यातलं खरं इंगित. पंधरा दिवस मीठ, मग पेन्सिल, मग चार रेघी वही, आणि शेवटी शाईपेन. शाईपेन हातात पडण्याचा दिवस म्हणजे सण असतो. त्या दिवशी मूल निळ्या बोटांनी घरी जातं आणि आई कपाळाला हात लावते. अल्फियाने तर पहिला आठवडाभर लिहून झालं की मिठाचं बोट चाटलं होतं. ती घरी जेवेना, तेव्हा कुठे तिच्या अब्बांना कळलं.

पावसाळ्यात मीठ सर्द होतं. मग अविनाशराव, भामाताईंचे यजमान, दुपारी तवा तापवून ते भाजत बसतात. तळोज्याच्या कंपनीतून निवृत्त झालेला हा शांत माणूस. कोणी विचारलंच, "काका, काय करताय?" तर गंभीरपणे म्हणतात, "पाट्या भाजतोय."

ही मिठाची युक्ती भामाताईंनी कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती. त्यांचे वडील काशीराम पनवेल-उरण पट्ट्यातल्या एका मिठागरात काम करायचे. चौथी शिकलेला माणूस. पायांना मिठाच्या भेगा, पण अक्षर असं की गावातले लोक लग्नाची आमंत्रणं त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. चार वर्षांची भामा डबा घेऊन बांधावर गेली की काशीराम ओल्या मिठाचा ढीग हाताने सपाट करायचे, तिचं बोट आपल्या हातात धरायचे आणि तिचं नाव काढायचे.

"बोट ढिलं सोर, पोरी," ते म्हणायचे. "घट धरलंस तं मीठ टोचल. ढिलं सोरलंस तं आपोआप जाल."

त्या मिठागरावर आता भराव पडलाय. त्याच्यावरून रस्ता जातो. भामाताई तिकडून जाताना बसच्या खिडकीतून बघत नाहीत.

मुलगी शिकली, बी.ए. झाली आणि पनवेलच्या एका शाळेच्या कार्यालयात लागली. तिचं अक्षर बघून मुख्याध्यापिका वसुंधराबाईंनी एका दिवसात तिची टंकलेखन यंत्रावरून सुटका केली आणि प्रमाणपत्रांचं काम दिलं. शाळा सोडल्याचे दाखले, बक्षिसांची प्रशस्तिपत्रं, निरोपाची मानपत्रं. पोरं हजारो, नावं हजारो, अक्षर एक. भामा लिहायची आणि खाली वसुंधराबाई सही करायच्या. अशी एकोणीस वर्षं गेली. आजही पनवेलमध्ये कितीतरी घरांत काचेच्या फ्रेममध्ये ते अक्षर भिंतीवर आहे.

मग प्रिंटर आला. त्या खोक्याने एका सकाळी तीनशे दाखले ओकले आणि सगळे म्हणाले, वा! कोणाला वाईटसुद्धा वाटलं नाही, याचंच मला नवल वाटतं. वसुंधराबाई त्याआधीच निवृत्त झाल्या होत्या. भामाताईंना टपालाची वही दिली गेली. दोन वर्षं त्यांनी टपालावर आवक-जावक क्रमांक घातले आणि एक दिवस राजीनामा लिहिला. इतक्या सुरेख अक्षरात की नव्या मुख्याध्यापकांनी तो आधी दोनदा वाचला आणि मग त्यात काय लिहिलंय ते त्यांच्या लक्षात आलं.

घरी आल्यावर त्यांनी वर्ग काढला. आणि वर्गाबरोबर एक फुशारकीही काढली. नव्या पालकांना त्या पंचवीस वह्या उघडून दाखवायच्या, नावं झाकायच्या आणि विचारायच्या, "सांगा, कुठली वही कोणाची?" पालकांना सांगता यायचं नाही. "नाहीच कळणार," भामाताई मान उंचावून म्हणायच्या. "माझ्या वर्गात कुठली वही कोणाची, हे कळता कामा नये!"

हे वाक्य त्या किती वर्षं बोलत होत्या कोण जाणे. त्याच वाक्याने यंदा त्यांना गोत्यात आणलं.

झालं असं. नवाक्षर मंडळ नावाच्या संस्थेने तालुक्यातल्या मुलांसाठी इंग्रजी हस्ताक्षराची स्पर्धा ठेवली. कर्नाळ्याच्या पक्ष्यांवरच्या दहा ओळी, चार रेघी कागदावर, शाईपेनने, घरी बसून लिहायच्या. कागदावर नाव नाही, मागच्या बाजूला फक्त क्रमांक. भामाताईंच्या वर्गातल्या अकरा जणांनी कागद पाठवले. आठवडाभर वर्गात दुसरा विषय नव्हता. हितेशने गॅसवाल्याच्या पावतीवरसुद्धा कर्सिव्हमध्ये सही केली.

आणि गुरुवारी दुपारी फोनवर संदेश आला. तुमच्या वर्गाचे अकराही कागद एकाच हाताने लिहिलेले दिसतात. रविवारी सकाळी दहा वाजता मुलांना घेऊन सभागृहात यावे. खुलासा समाधानकारक नसल्यास अकराही कागद बाद करण्यात येतील. खाली परीक्षकांचं नाव होतं. वसुंधराबाई.

भामाताईंनी संदेश तीनदा वाचला. मग फोन अविनाशरावांपुढे धरला.

"म्हणजे मी लिहिले?" त्या अविनाशरावांना म्हणाल्या. "मी? मुलांच्या नावावर?"

"आपण जाऊन सांगू ना," अविनाशराव म्हणाले.

"काय सांगू? वह्या सारख्या दिसतात हे मीच तर गावभर सांगत फिरले!"

संध्याकाळी मुलांना कळलं तेव्हा मात्र वर्गात वेगळाच प्रकार झाला. भामाताईंना वाटलं होतं, पोरं रडतील. पोरं पेटली! "आपण खोटे?" हितेश ओरडला. "आपल्याला लिहिता येत नाही?" अल्फियाने दप्तर आपटलं. परेशने शर्टाच्या बाह्या सरसावल्या, जणू रविवारी कुस्तीच होती. फक्त प्राची, वर्गातली सगळ्यात गुणी मुलगी, अकरा वर्षांची, कोपऱ्यात गप्प बसून नखं कुरतडत होती. तिचा कागद अकरांत सर्वांत देखणा होता. पहिलं बक्षीस तिलाच, हे सगळ्या वर्गाने परस्पर ठरवून टाकलेलं होतं.

रविवारी सकाळी सभागृहात जत्रा लोटली. अकरा मुलं, त्यांचे आईबाप, आज्या, शेजारी. प्राचीची आजी गुणाबाई नऊवारी खोचून पहिल्या रांगेत बसली. ती भामाताईंच्याच गावची, त्यामुळे भामाताईंना 'भामे' म्हणणारी पनवेलमधली बहुधा शेवटची बाई. अल्फियाचे अब्बा हाफिजभाई घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद ठेवून आले होते.

वसुंधराबाई आल्या. बहात्तर वर्षांच्या, पांढरी कडक साडी, पाठ तशीच ताठ. भामाताई आपोआप उभ्या राहिल्या.

"बस, भामा," बाई म्हणाल्या. त्यांनी अकरा कागद टेबलावर मांडले. "एकोणीस वर्षं मी या अक्षराखाली सही केलीय. मला ओळखू येणार नाही असं वाटलं का तुला?"

"बाई, मी एक शब्दही लिहिलेला नाही."

"तसं असेल तर आनंदच आहे. मुलं आत्ता लिहितील."

मंडळाच्या माणसांनी मुलांना कागद आणि पेनं दिली. भामाताईंनी मान उंच करून पाहिलं. कागद कोरे होते. एक रेघ नाही! पेनं साधी, बॉलपेनं. त्यांच्या पोरांनी आजवर मीठ पाहिलं होतं, चार रेघा पाहिल्या होत्या, शाई पाहिली होती. कोरा कागद त्यांनी कधी दिलाच नव्हता. हे त्यांना आत्ता, भर सभागृहात कळत होतं.

मुलांनी लिहायला घेतलं. हितेशची ओळ तिसऱ्या शब्दाला वर चढायला लागली. अंकिताची अक्षरं मोठी होत होत कागदाच्या कडेला आपटली. जिब्रान दोनदा थांबला, हवेत बोटाने काहीतरी काढून पुन्हा लिहू लागला. अल्फिया डावरी, तिचा हात कागदावर नुसता घसरत होता. एकट्या प्राचीचा कागद मात्र रेघ मारल्यासारखा सरळ चालला होता. दहा मिनिटांनी बाईंनी कागद गोळा केले, स्पर्धेच्या कागदांशेजारी ठेवले आणि चष्मा काढला.

"जुळत नाहीत," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हळहळ होती. "एक सोडला तर एकही जुळत नाही."

गुणाबाई ताडकन उठली. "ओ बाय! आमचे पोरीनी सोताचे हातानी लिवलंय त्या! मी समोर बसलेली हाय! तुमी कं आमाला चोर समजताव?"

सभागृहात एकच कल्ला झाला. कोणी म्हणे, मुलांचा अपमान करायला बोलावलंत का? कोणी हळूच म्हणे, पण कागद तर जुळत नाहीत. भामाताईंच्या कानावर दोन्ही येत होतं. त्या टेबलाजवळ गेल्या. समोर बावीस कागद. अकरा शाईचे, अकरा बॉलपेनचे. त्यांनी ते निरखले आणि एकदम त्यांचं बोट एका अक्षरावर थांबलं. हा एफ! हा एफ त्या वर्षभर पुसत होत्या!

"बाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला, "शाईचे कागद पिसा. मी एकेक उचलून सांगते कोणाचा कुठला."

"तू लिहिले असशील तर तुला माहीत असणारच."

"नुसतं नाव नाही सांगणार. चूक सांगेन. प्रत्येकाची एक चूक आहे, माझ्याच्याने न गेलेली. तीच चूक तुम्ही आजच्या कागदावर शोधा. सापडली नाही तर मी वर्ग बंद करते!"

बोलून गेल्यावर मात्र भामाताईंना दुसरं सुचलं आणि त्या अडखळल्या. ही हस्ताक्षराची स्पर्धा. समोर परीक्षक. आणि आपण आपल्याच मुलांच्या चुका बोट ठेवून दाखवणार? मग बक्षिसं कुठली मिळायला? त्यांनी मुलांकडे पाहिलं.

"सांगा ना टीचर!" अल्फिया खुर्चीवर उभी राहून ओरडली. "माझी पहिली सांगा!"

बाईंनी कागद पिसले. भामाताईंनी वरचा उचलला.

"हा अल्फियाचा. डावरी आहे. हिचा एफ खालच्या रेघेला कधी टेकत नाही, लोंबकळतो."

बाईंनी मागचा क्रमांक यादीत पाहिला. अल्फिया. मग आजचा कागद पाहिला. तीन एफ, तिन्ही बाकीच्या अक्षरांच्या शेपटांपेक्षा वरच लोंबकळत होते.

"हा हितेशचा. जीची शेपूट पुरी करत नाही, पुढच्या अक्षराची घाई." बरोबर! "हा अंकिताचा. आयवरचा टिंब आयवर नसतो, पुढच्या अक्षराच्या डोक्यावर असतो." बरोबर! "हा जिब्रान. टीची आडवी रेघ बघा, शेजाऱ्याच्या अंगणात गेलीय." हशा पिकला. जिब्रान उभा राहून सगळ्यांना हात करत होता. "आणि हा परेश. बाई, याचा वाचू नका, उलटा करा. मागून बोट फिरवा."

वसुंधराबाईंनी कागद उलटा केला आणि बोट फिरवलं. अक्षरं मागून उठली होती. आजचा कागद उलटा केला. त्यातून तर दोन ठिकाणी भोकच पडलं होतं. बाई हसल्या. सभागृहात तोवर चढाओढ लागली होती. नाव यायच्या आधीच आया ओरडत होत्या, "आता माझा! आता माझा!" स्वतःच्या मुलाची चूक ऐकायला इतके आतुर झालेले पालक मी तरी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत. सहा, सात, आठ, नऊ, दहा. दहाच्या दहा बरोबर. दर वेळी टाळ्या, दर वेळी शिट्या.

राहिला एक.

भामाताईंनी तो उचलला. प्राचीचा, दुसरा कोणाचा असणार? त्यांनी एफ पाहिला. नेमका. जी पाहिला. पुरा. टिंब जागच्या जागी, आडव्या रेघा मोजून मापून. त्यांनी कागद उलटा करून बोट फिरवलं. गुळगुळीत. पुन्हा पहिल्या ओळीपासून पाहिला. टाळ्या थांबल्या.

"याची चूक?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"नाही," भामाताई म्हणाल्या. "चूक नाही."

"आजचा हिचा कागद याच्याशी जुळतो. हिला असं लिहिता येतं, यात शंका नाही. पण भामा, हे जुळतं कोणाशी, ते तुला दिसतंय ना?" बाईंनी पिशवीतून एक जुनं प्रशस्तिपत्र काढून शेजारी ठेवलं. भामाताईंच्या अक्षरातलं, पंचवीस वर्षांपूर्वीचं. "दोन हात सारखे. मग हा कागद हिचा की तुझा, ते मी कशावरून ठरवू? माझ्या यादीत हा पहिला आहे. पहिलं बक्षीस मी संशयावर देणार नाही."

भामाताई पुन्हा कागदावर वाकल्या. दहा मुलांच्या चुका त्यांना झोपेतसुद्धा सांगता आल्या असत्या, कारण त्या वह्यांवर त्या रोज वाकलेल्या होत्या. प्राचीची वही त्या उघडायच्या, "छान" लिहायच्या, चांदणी काढायच्या आणि मिटायच्या. दोन वर्षं त्या पोरीची वही त्यांनी नीट पाहिलीच नव्हती. चांगली होती म्हणून! जी पोर सगळं ऐकत गेली तिचं स्वतःचं असं आपण काही ठेवलंच नाही, असं त्यांना वाटलं.

"टीचर," कोणीतरी पदर ओढला. प्राची होती. चेहरा लालबुंद. "माझी पण आहे चूक."

"नाही गं बाळा."

"आहे. मी ओ उलटा काढते."

"काय?"

"ओ. तुम्ही सांगता ना, वरून सुरू करून डावीकडे जायचं. मी उजवीकडे जाते. तुम्ही बघत नसताना. मग तसंच झालं रोज."

भामाताईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. ओ गोल होता. ओ गोलच असतो, कुठूनही फिरा! पण लगेच त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शाई! शाईपेन! वर जाताना बारीक, खाली येताना जाड. डावीकडून खाली आलं तर डावी बाजू जाड हवी. उजवीकडून आलं तर...

"भिंग!" त्या ओरडल्या. "कोणाकडे भिंग आहे का?"

"ताई, हे घ्या!" हाफिजभाई रांगेतून उड्या मारत आले. शर्टाच्या खिशातून त्यांनी घड्याळं बघायचं काळं भिंग काढलं. "रोज डोळ्यालाच असतं. यातून मुंगीच्या मिशासुद्धा दिसतात, कसम से."

वसुंधराबाईंनी भिंग डोळ्याला लावलं. आधी जुन्या प्रशस्तिपत्रावर वाकल्या. "डावी बाजू जाड," त्या म्हणाल्या. "सगळे ओ." मग स्पर्धेच्या कागदावर वाकल्या. गुणाबाईने देवाचं नाव घेतलं.

"उजवी," बाई म्हणाल्या. "हाही उजवी. हाही!" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "शाईपेन द्या दोघींना. लिहा. दोघींनी."

एका टेबलावर गुरू आणि शिष्या शेजारी शेजारी बसल्या आणि दहा-दहा ओ काढले. भामाताईंचे दहा डावीकडे जाड, प्राचीचे दहा उजवीकडे. पुढच्या क्षणी सभागृहात जे झालं त्याला गोंधळ म्हणणं कमीच होईल. परेश खुर्च्यांवरून पळाला. अल्फिया आणि अंकिता एकमेकींच्या गळ्यात पडून नाचल्या. गुणाबाईने प्राचीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि नंतर, कोणी थांबवायच्या आत, वसुंधराबाईंच्याही तोंडावरून हात फिरवला.

"पण तू का गं असं करायचीस?" वसुंधराबाईंनी प्राचीला जवळ घेऊन विचारलं.

प्राचीने एकदा भामाताईंकडे पाहिलं. "टीचर म्हणायच्या ना, कुठली वही कोणाची ते कळता कामा नये. म्हणून मी ओ वेगळा काढला. मला माझी कळायला हवी होती."

भामाताईंनी तिला पोटाशी धरलं आणि सगळ्यांदेखत रडल्या. हसत हसत रडल्या. नाक पुसायला त्यांनी जे कापड घेतलं ते पेन पुसायचं फडकं निघालं, आणि नंतर सगळ्या फोटोंत त्यांचं नाक निळं आलं.

आणि बक्षीस? निकाल तिथेच, त्याच दुपारी लागला. वसुंधराबाई ती वसुंधराबाईच. ओ उलटा काढल्याबद्दल त्यांनी अर्धा गुण कापला. पहिलं बक्षीस आपटा गावच्या एका मुलीला गेलं आणि प्राची दुसरी आली. नाव पुकारल्यावर ती अशी धावत मंचावर गेली की एक चप्पल वाटेतच राहिली. बाईंनी पेटीतून छापील प्रशस्तिपत्र काढलं, त्याच्यावरचं छापलेलं प्राचीचं नाव वाचलं आणि ते परत आत ठेवलं. मंडळाकडून एक कोरं मागून घेतलं.

"भामा," त्या म्हणाल्या, "नाव घाल. मी सही करते."

चौदा वर्षांनी ते अक्षर पुन्हा त्या सहीच्या वर बसलं.

सोमवारी पाच वाजता दारात पुन्हा चपलांचा ढीग होता. आज पंचवीसच्या जागी एकतीस जोड. एका नव्या पालकाने उत्साहाने विचारलं, "मॅडम, इथे म्हणे सगळ्यांचं अक्षर अगदी एकसारखं करून देतात?"

"देत होते," भामाताई म्हणाल्या. "आता नाही देत. बसा."

वह्या तपासताना त्या प्राचीच्या वहीवर आल्या. चांदणी काढली नाही. चष्मा वर ढकलून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, वही सबंध वाचली. सगळे ओ तसेच होते. लाल पेन त्यांनी बाजूला ठेवलं आणि अविनाशरावांनी भाजून आणलेलं मिठाचं ताट पुढे ओढलं.

"दाखव मला," त्या म्हणाल्या. "कसा काढतेस तो?"

त्यांनी मिठात बोट टेकवलं आणि उजवीकडे वळवायला गेल्या. पन्नास वर्षांची सवय, बोट आपसूक डावीकडे गेलं. ताट हलवलं, पुन्हा काढला. पुन्हा डावीकडे! मुलं भोवती गोळा झाली आणि फिदीफिदी हसू लागली. टीचरला ओ येत नाही! हितेशने तर ही बातमी खिडकीतून आळीला सांगितली.

"असं नाही, टीचर," प्राची म्हणाली. ती शेजारी मांडी घालून बसली, तिने आपल्या छोट्या मुठीत भामाताईंचं बोट धरलं आणि ताटावर आणलं.

"तुम्ही घट्ट धरताय," ती म्हणाली. "बोट ढिलं सोडा."

भामाताईंनी बोट ढिलं सोडलं.